हिरव्या ताटातलं लोखंड

लोणच्याची बरणी रिकामी झाली की एकदा उलटी करून बघा. अंगभर झिलई, बूड मात्र कोरं. झिलई म्हणजे काचच. बुडाला लावली असती तर वितळून बरणी भट्टीतच चिकटून बसली असती. गळ्याकडचा तपकिरी रंग लोखंडाचा. आमच्याकडच्या छपरांवरच्या कवेलूंना लाल करतं तेही हेच.

याच लोखंडातून चिनी कुंभारांनी हजारेक वर्षांपूर्वी हिरवा रंग काढला. झेजियांग प्रांतातल्या लाँगच्वानची एकरंगी भांडी बघावीत. फुलं-पाखरं रंगवलेली नाहीत, नुसता शेवाळलेल्या डोहासारखा हिरवा. झिलईत लोखंडाचं ऑक्साइड जेमतेम एक-दोन टक्के. भट्टी चांगली तापली की तिची हवा आवळायची. जळणाला ऑक्सिजन पुरेना झाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो झिलईतल्या लोखंडाकडचा ऑक्सिजन ओढून घेतो. हवा मोकळी असती तर पिवळट दिसली असती ती झिलई आता हिरवी होते. आत अडकलेले बारीक बुडबुडे प्रकाश विखुरतात, त्यानं रंगाला खोली येते.

तांबं याहून लहरी. मोकळ्या हवेत हिरवं, कोंडलेल्या भट्टीत रक्तासारखं लाल. कांग्शी सम्राटाच्या काळातल्या (१६६२–१७२२) लाल फुलदाण्या अशाच भाजलेल्या. हवेचा अंदाज जरा हुकला की भट्टीच्या भट्टी वाया!

हवा कोंडायची युक्ती आपल्या कुंभारालाही ठाऊक आहे. काळी मडकी हवी असली की तो आवा लिंपून धूर आतच जिरवतो. पण आव्याची आच अशा झिलईला पुरत नाही, तिला १,२०० अंशांच्या वर धग लागते. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघानं कुंभारांना सुधारित तंत्र शिकवायला घेतलं, ते उगाच नव्हे.

लोखंडाला तर इकडे, जुन्या चांदा जिल्ह्यात, तोटाच नाही. सुरजागड आहे, लोहारा आहे. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल आला. लोहाऱ्याचं खनिज उत्तम होतं, पण ते गाळायला वरोऱ्याचा कोळसा चालेना आणि कारखान्याचा बेत बारगळला. गंमत अशी, की त्यांच्या दोराबजी आणि रतन या मुलांनी पुढे चिनी भांडी जमवली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो संग्रह आहे.

लाँगच्वानचं एखादं ताट कधी हातात आलंच, तर तेही उलटं करा. भट्टी निवताना कोऱ्या बुडाला पुन्हा हवा लागलेली असते. वरून हिरवंगार ताट तिथे कवेलूसारखं तांबूस दिसतं.