बिनतारी संदेश आणि नावाचे अक्षर

आपत्तीच्या वेळी वापरावयाच्या संदेशयंत्रांचा विचार बहुधा अभियांत्रिकीचा विषय म्हणून केला जातो. वस्तुतः तो भाषेच्या अभ्यासकाचाही विषय आहे, हे अंदमानच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा अंदमान-निकोबार बेटांवर आदळल्या. अनेक ठिकाणी वीज व दूरध्वनी बंद पडले. त्या वेळी हौशी बिनतारी केंद्र चालविण्यासाठी भारती प्रसाद सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. ‘व्ही यू ४ आर बी आय’ हे त्यांचे संकेतनाम. त्यांच्या केंद्रावरून बेटांची वार्ता मुख्य भूमीला कळू लागली आणि आप्तांच्या खुशालीचे निरोप जाऊ-येऊ लागले. पुढे कार निकोबारमध्येही असे केंद्र उभे राहिले.

असे यंत्र संकटात तगते ते त्याच्या स्वावलंबनामुळे. मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी, सुमारे १०० वॅट शक्तीचा संच आणि उंचावर ताणलेली तार एवढ्यावर काम भागते. ७ मेगाहर्ट्झसाठी ही तार सुमारे २० मीटर लांब लागते. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होतात व मधल्या मनोऱ्यांच्या साहाय्यावाचून हजार किलोमीटरांपलीकडे पोहोचतात.

परंतु अशा संचातून आवाजाचा साधारणतः ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. स्वर ओळखू येतात; ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या घर्षक ध्वनींचा मोठा अंश मात्र गळतो. वाक्यातील हरवलेला शब्द संदर्भावरून जुळविता येतो. विशेषनामाला तसा आधार नसतो, आणि खुशालीच्या निरोपात तर नाव हेच सर्वस्व असते. म्हणून ते एकेक अक्षराने सांगावे लागते : अल्फा, ब्राव्हो, चार्ली. ही रीत आपल्या बाराखडीला परकी नाही. ‘ग गणपतीचा’, ‘ळ बाळाचा’ यांतही अक्षराला शब्दाचा आधार दिलेला असतो.

अडचण अशी की, प्रचलित संकेत रोमन लिपीवर बेतलेला आहे. त्यातून जाताना ‘काळे’ व ‘काले’ ही आडनावे एकच होतात. ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद पुसला जातो. बंगाली, तामिळ, तेलुगू, निकोबारी अशा अनेक भाषांतील नावे जेथे शेजारी नांदतात, तेथे ही हानी किरकोळ म्हणता येणार नाही. यादीतील एका अक्षराच्या चुकीने वाट पाहणाऱ्या घरी दुसऱ्याच कोणाची बातमी पोहोचू शकते.

यासाठी प्रत्येक भारतीय भाषेत एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे ऐकू येणारे अक्षरशब्द निवडले पाहिजेत. नावापाठोपाठ वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव व वय सांगण्याचा क्रमही ठरविला पाहिजे. ध्वनिविज्ञान आणि नामाभ्यास यांचे जाणकार विद्यापीठांच्या भाषाविभागांत आहेत. हे काम आपत्ती येण्यापूर्वीच त्यांनी हाती घ्यावयास हवे.