हसऱ्या पुस्तकांचं तळघर

छंद माणसाला लागतो की माणूस छंदाच्या मागे लागतो, याचा निकाल आमच्या घरी अजून लागलेला नाही. एटोबिकोतल्या आमच्या बेसमेंटमध्ये जुन्या अमेरिकन विनोदी लेखकांची सचित्र पुस्तकं साठू लागली, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारलं, "काय हो, रद्दीचं दुकान काढताय की काय?" म्हणून मंडळी, या रद्दीची थोडी ओळख करून देतो.

मार्क ट्वेनची सुरुवातीची बरीच पुस्तकं दुकानात नव्हे, दारावर विकली जात. एजंट नमुन्याची प्रत घेऊन गावोगाव हिंडे. तीत निवडक पानं, चित्रं आणि कापडी-कातडी बांधणीचे नमुने असत. पसंत पडलं की यादीत नाव नोंदवायचं. गिऱ्हाईक साधंसुधं, मोजलेल्या पैशांत जाडजूड, चित्रांनी भरलेलं पुस्तक मागणारं. म्हणूनच १८६९ च्या 'इनोसंट्स अब्रॉड'मध्ये २३४ चित्रं आहेत आणि 'हकलबरी फिन'मध्ये केंबल या चित्रकाराची १७४!

'हकलबरी फिन'च्या छपाईत तर एका चित्राच्या ठशात कुणीतरी अश्लील फेरफार केला. तो लक्षात आल्यावर ते पान बदलावं लागलं. करणारा सापडला नाही तो नाहीच. १८८५ च्या पहिल्या अमेरिकन छपाईत ५७ व्या पानावर करवतीच्या 'सॉ'ची अक्षरं उलटी होऊन 'वॉज' झालं आहे. असे दोष हुडकण्यात आम्हा इंजिनियर लोकांना काय आनंद होतो, ते विचारू नका! पहिल्या आवृत्त्या मात्र आमच्या खिशाबाहेरच्या. आम्ही नंतरच्या छपाया घेतो; चित्रं तीच, हसूही तेच.

आपल्या टोरांटोचा या इतिहासाशी संबंध आहे, पण जरा चोरीचा. 'टॉम सॉयर' १८७६ च्या जूनमध्ये लंडनला निघालं. लगेच टोरांटोच्या बेलफर्ड ब्रदर्सनी परवानगी न घेता ते छापलं. सचित्र अमेरिकन आवृत्ती डिसेंबरात येईपर्यंत स्वस्त कॅनेडियन प्रती सीमेपार पोचल्या होत्या. ट्वेन भलताच संतापला. पुढे १८८१ मध्ये नव्या पुस्तकाचे हक्क राखण्यासाठी तो मुद्दाम मॉन्ट्रियलला येऊन राहिला.

आमचं सर्वांत लाडकं पुस्तक म्हणजे १८९७ चं 'फॉलोइंग द इक्वेटर'. निळी कापडी बांधणी, वर हत्तीचं रंगीत चित्र. कर्ज फेडण्यासाठी ट्वेन व्याख्यानं देत जगभर फिरला आणि जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरला. वॉटसन हॉटेलच्या गॅलरीत येणाऱ्या आगाऊ कावळ्यांवर त्याने जे लिहिलंय, ते वाचताना मॉर्गेजचे हप्ते भरणाऱ्या आम्हा मुंबईकरांना तो अगदी घरचा वाटतो.

जुनं पुस्तक घेताना चित्रांची यादी काढून एकेक चित्र मोजावं. पानं कापलेली असतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. उन्हाळ्यात बेसमेंटमधली दमट हवा आणि हिवाळ्यात फर्नेसची कोरडी हवा, दोन्ही वाईट. डीह्युमिडिफायर लावा आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा.

हे सगळं शिकलो ते इंग्रजी पुस्तकांसाठी, पण खरी काळजी आता शेजारच्या फळीची वाटते. तिथे आहे पु. लं.ची १९५८ ची 'बटाट्याची चाळ', वसंत सरवट्यांच्या चित्रांसकट, आणि शि. द. फडणिसांच्या चित्रांनी नटलेली 'अपूर्वाई'. कागद पिवळा पडलाय, कडा झडताहेत. आमच्या मुलांना देवनागरी अडखळत वाचता येते. पण फडणिसांच्या बिनशब्दांच्या चित्रांवर ती खदखदून हसतात आणि मग विचारतात, "बाबा, हा माणूस असं का करतोय?" तिथून मराठी गोष्ट सुरू होते. शंभर शिकवण्यांनी जे होत नाही, ते एक चित्र करतं.

घर विकून काँडोत जाताना अनेक कुटुंबांतली अशी पुस्तकं निळ्या डब्यात जातात. ट्वेनच्या प्रती उत्तर अमेरिकेत ढिगाने आहेत. एखादी गेली तर दुसरी मिळेल. तुमच्या खोक्यातलं मराठी पुस्तक मात्र कदाचित या गावातलं एकुलतं एक असेल. तेव्हा वाचकहो, डबा भरण्याआधी ती पुस्तकं एकदा मुलांसमोर उघडून पाहा. आणि तरीही नकोच असतील, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला घेऊन या. आमच्या कपाटात अजून दीड फळी रिकामी आहे. सौ.ला मात्र एवढ्यात सांगू नका!