केमोच्या डोसमागचे वर्गमूळ

केमोथेरपीआधी रुग्णाची उंची मोजतात, वजन करतात. मीरा रोड-भाईंदरहून लोकलने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारांसाठी जाणाऱ्यांच्या हे परिचयाचे आहे. वजन समजू शकते, पण उंची कशाला?

केमोच्या अनेक औषधांचा डोस नुसत्या वजनावर ठरत नाही. तो शरीराच्या पृष्ठफळावर, म्हणजे ढोबळमानाने त्वचेच्या क्षेत्रफळावर ठरतो. ते टेपने मोजणे अशक्य, म्हणून सूत्र वापरतात. १९१६ मध्ये डेलाफिल्ड आणि यूजीन द्युबॉय यांनी दिलेल्या सूत्रात वजनाचा घातांक ०.४२५ आहे, म्हणजेच १७/४०. वजनाचा १७ वा घात करून त्याचे ४० वे मूळ काढायचे! १९८७ मध्ये मोस्टेलर यांनी ते सोपे केले : सेंटिमीटरमधील उंचीला किलोमधील वजनाने गुणा, ३६०० ने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर चौरस मीटरमध्ये येते.

इथे शाळेतले घातांक कामी येतात. वर्गमूळ म्हणजे १/२ घात, घनमूळ म्हणजे १/३ घात. गुणाकाराचा घात प्रत्येक संख्येवर वेगळा घेता येतो. ३६०० चा १/२ घात ६०. म्हणून सूत्र असे सुटसुटीत होते : उंचीचा १/२ घात × वजनाचा १/२ घात ÷ ६०.

आता दोन रुग्ण घेऊ. दोघांची उंची १६० सेंमी. एकाचे वजन ४० किलो, दुसऱ्याचे ९०. पृष्ठफळ येते १.३३ आणि २ चौरस मीटर. वजन सव्वादोन पट, पण डोस फक्त दीडपट, कारण २.२५ चे वर्गमूळ १.५. पहिल्याच्या डोसवरून वजनाच्या प्रमाणात हिशेब केला असता, तर दुसऱ्याला आवश्यकतेच्या दीडपट औषध गेले असते. जास्त डोसने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. कमी पडला तर कर्करोगाच्या पेशी तग धरतात.

सगळीच औषधे अशी ठरत नाहीत. कार्बोप्लॅटिनसाठी मूत्रपिंडाचे कार्य पाहतात, तान्ह्या बाळांचे नियम वेगळे असतात. त्यामुळे घरी डोस काढू नये. मात्र दोन फेऱ्यांच्या मधे वजन बरेच घटले किंवा वाढले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जुन्या वजनावर काढलेले वर्गमूळ आजच्या शरीराचे नसते.