भोकं पाडणाऱ्या हातांचा इतिहास

व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या मुलांना इतिहास शिकवताना ‘याचा आम्हाला काय उपयोग?’ हा प्रश्न हमखास येतो. लेथवर किंवा वायरिंगवर काम करणाऱ्या हातांचं राजे आणि तह यांच्याशी नातं जुळत नाही. इथे ऐतिहासिक चित्रपट मदत करतो. मात्र तो करमणूक म्हणून न दाखवता तपासून पाहायला हवा.

परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) घेऊ. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा बनवला, त्याची ही गोष्ट. तो मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. फाळके छायाचित्रण आणि छपाई जाणणारे, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं.

या भोकांपाशी थोडं थांबू. फाळक्यांच्या कोऱ्या फिल्मला भोकं नसत, ती घरीच पाडावी लागत. भोकं नसतील तर कॅमेरा फिल्म पुढे ओढणार कसा? ३५ मिलिमीटर फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती सुमारे ३,७०० फूट. गुणाकार मुलांनाच करू द्या. एका प्रतीला जवळजवळ पावणेपाच लाख भोकं! अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र थरथरणार. शिवाय उजेड लागून फिल्म खराब होऊ नये म्हणून हे काम अंधाऱ्या खोलीत चाले. सरस्वतीबाई फाळके ते शिकल्या आणि त्यांनी ते केलं. यातली जोखीम फिटरच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागत नाही.

आता चित्रपट दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत दाखवावा. वहीत तीन रकाने आखायला सांगावेत: पडद्यावर काय दिसलं, त्याला पुरावा कोणता, दिग्दर्शकाने काय रंगवलं असेल. मग विचारावं, सरस्वतीबाईंच्या कामाला किती मिनिटं मिळाली? एवढ्या ओढाताणीची गोष्ट विनोदी ढंगात का सांगितली? चित्रपट १९१३ बद्दल बोलतो, पण बोलतो २००९ मधून, हे मुलांच्या लक्षात येऊ लागतं.

पुढच्या तासाला गावातल्या जुन्या थिएटरात प्रोजेक्टर चालवलेल्या कुणाला तरी वर्गात बोलवावं. प्रश्न मुलांनी काढावेत आणि उत्तरंही त्यांनीच लिहून घ्यावीत. ती लिहिलेली पानं हाही इतिहासाचा पुरावाच असेल.