पट्टणकुडीचा वाद : परशुरामभाऊ पटवर्धनांचा शेवट

उत्तर पेशवाईतील आघाडीचे सेनानी परशुरामभाऊ पटवर्धन सप्टेंबर १७९९ मध्ये चिकोडी-निपाणी पट्ट्यातील पट्टणकुडी येथे कोल्हापूरच्या फौजेशी लढताना घायाळ झाले, याविषयी दुमत नाही. परंतु त्यांचा प्राण रणांगणावरच गेला की त्यांना पाडाव करून कोल्हापूरच्या शिवाजी छत्रपतींसमोर नेऊन मारण्यात आले, हा प्रश्न वादग्रस्त राहिला.

तासगावचे सरंजामदार, म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेल्या मुलखाचे धनी, असलेल्या भाऊंनी १७८१ मध्ये बोरघाटात इंग्रज सेनापती गॉडर्डला जेरीस आणले आणि १७९० मध्ये टिपूच्या ताब्यातील धारवाडला वेढा घातला. तोफ ठासून झाली की गोलंदाज अर्धा तास गप्पा मारीत, तंबाखू ओढीत बसत आणि दुपारी जेवणासाठी दोन्हीकडचा मारा थांबे, असे तेथील मोर्च्यांचे वर्णन इंग्रज अधिकारी एडवर्ड मूर याने केले आहे; अखेर एप्रिल १७९१ मध्ये किल्ला पडला. १७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाविरुद्ध सेनापतिपदही भाऊंकडेच होते. पुढे पेशवेपदाच्या राजकारणात ते नाना फडणविसांच्या विरोधात गेले आणि कैदेत पडले. १७९८ मध्ये साताऱ्याचा उठाव मोडण्यासाठी त्यांची सुटका झाली आणि त्यानंतर त्यांची मोहीम कोल्हापूरकडे वळली.

या वैराला जुनी मुळे होती. भाऊ कैदेत असताना कोल्हापूरकरांनी तासगावचा वाडा जाळला होता, त्यामुळे सूडाने हत्या झाली ही पटवर्धनांची बाजू सहज पटण्याजोगी होती. उलट, भाऊ रणातच पडले असे सांगणाऱ्या कोल्हापूरच्या बाजूला एका पूर्वघटनेचा आधार आहे : आळत्याच्या लढाईत भाऊंचे पुत्र रामचंद्रपंत हाती लागले असता छत्रपतींनी त्यांना सन्मानाने सोडून दिले होते.

पटवर्धनांची दप्तरे वासुदेवशास्त्री खरे यांनी प्रसिद्ध केल्यामुळे अभ्यासकांपुढे एका पक्षाचा कागद विपुल आला, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. शिवाय भाऊंच्या मृत्यूनंतर पुण्याच्या फौजांनी कोल्हापूरला वेढा दिला, तेव्हा हत्येच्या वार्तेने त्या मोहिमेला नैतिक बळ मिळाले असणार. म्हणून प्राणघातक जखम ही निश्चित गोष्ट आणि छत्रपतींची आज्ञा हा एका पक्षाचा आरोप, असा भेद राखूनच हे प्रकरण मांडणे न्याय्य ठरते.