म्हातारा लॅपटॉप आणि नवी डिस्क



आठ-दहा वर्षे घरातली सारी लिखापढी ज्याने केली, तो लॅपटॉप सुरू व्हावयास दहा मिनिटे लावू लागला की आपण त्याला भंगारात काढण्याची भाषा बोलू लागतो. माझे सांगणे एवढेच, की अशा पुष्कळ यंत्रांचा मेंदू शाबूत असतो. थकलेली असते ती त्यांची हार्ड डिस्क. ती घरच्या घरी बदलता येते.

ही डिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीचीच चुलत बहीण. मिनिटाला बहुधा 5,400 फेरे घेणारी चकती आणि तिच्यावरून सरकणारा एक नाजूक हात. हव्या त्या जागी पोचावयास त्या हाताला सुमारे पंधरा सहस्रांश सेकंद लागतात. हे थोडे वाटते खरे. परंतु दहा हजार वेळा शोधावे लागले की अडीच मिनिटे नुसती शोधण्यातच जातात! नव्या एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही. तिथे हाच शोध एखाद्या सेकंदात आटोपतो. काही फिरत नसल्यामुळे धक्क्याने तिला इजाही कमी होते.

मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. आपल्या शकुंतलेचे उदाहरण घ्या. मँचेस्टरला 1921 साली घडलेले वाफेचे इंजिन जाऊन 1994 साली तिला डिझेलचे इंजिन लागले. पण रूळ तेच अरुंद, तेव्हा वेग तो किती वाढणार? लॅपटॉपातही रूळ असतात. त्यांना साटा म्हणतात. जुन्या साटावरून सेकंदाला सुमारे 300 मेगाबाइटपेक्षा अधिक माल जात नाही, त्यानंतरच्यावरून सुमारे 600. तरीही फिरत्या डिस्कच्या मानाने हा वेग कितीतरी मोठा. तेव्हा महागडी डिस्क घेण्यात अर्थ नाही. अडीच इंची साधी साटा एसएसडी पुरे. मात्र आपल्या यंत्रात तीच बसते ना, हे आधी पाहावे. कित्येक यंत्रांत निराळ्या जातीची असते.

आता कृती. पहिले काम पेचकसाचे नव्हे, प्रतीचे! फोटो, शेताचे उतारे, पेन्शनचे कागद दुसरीकडे उतरवून घ्या आणि ती प्रत उघडून पाहा. मी एकदा हा आळस केला. डिस्क टकटक वाजत होती, मी 'उद्या बघू' म्हटले. आणि वडिलांच्या आवाजातले एकुलते एक ध्वनिमुद्रण कायमचे गेले. डिस्क पुढे दीड हजारात आली. आवाज कुठून आणणार?

नंतर नवी डिस्क यूएसबी-साटा तारेने जोडून, क्लोनिंगच्या प्रोग्रामने जुनीची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवावी. मग यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरीही काढा. अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी धातूच्या जमिनीशी जोडलेल्या वस्तूला हात लावा. खालचे झाकण उघडा. स्क्रू कागदावर, निघाले त्याच क्रमाने ठेवा. जुनी डिस्क जोडणीपासून सरळ मागे सरकवा, वर उपटू नका. तिची चौकट नवीला लावा आणि तशीच हलकेच आत सरकवा. जुनी साडेनऊ मिलिमीटर जाड व नवी सात असली, तर मध्ये फटीची पट्टी लागते.

यंत्र सुरू झाले म्हणून जुनी डिस्क लगेच पुसू नका. महिनाभर कपाटात राहू द्या. आणि हेही लक्षात असू द्या, की नव्या डिस्कने सगळे दुखणे बरे होत नाही. विंडोज 10 ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला सर्वसाधारणपणे थांबली. असे यंत्र लिनक्सवर नेता येते, हा निराळा विषय.

आपण बैलगाडीचे चाक मोडले म्हणून गाडी जाळत नाही. तीच रीत येथे लावावी, एवढे सांगून आपली रजा घेतो.