विश्लेषण : रानात सापडलेले हरणाचे शिंग घरी आणले तर?

मोबाइलवर अमेरिकेतले रील हल्ली सहज दिसतात. माणूस कुत्रा घेऊन वाळक्या गवतातून चाललेला असतो, पाचोळ्यातून फाटे फुटलेले शिंग डोके वर काढते, तो ते उचलतो आणि हसत कॅमेऱ्यासमोर धरतो. तिकडे याला ‘शेड हंटिंग’ म्हणतात. ना बंदूक ना सापळा, गळून पडलेले शिंग शोधायचे एवढेच.

आता हाच प्रसंग किनवटच्या जंगलातला समजा. मोहफुले वेचायला किंवा जनावरे चारायला गेलेल्या पोराला सांबराचे शिंग सापडले. त्याने ते मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधले आणि घरी जाऊन फोटो स्टेटसला टाकला. हरीण मारले नाही, कुणाचे काही चोरले नाही. तरीही वन विभागाचे कर्मचारी दारात येऊ शकतात. लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या बांधावर काळविटाचे पिळाचे शिंग सापडले असेल, तर प्रकरण आणखी गंभीर होते. असे का, हे कळण्यासाठी आधी शिंगाकडे नीट पाहावे लागते.

सारंग आणि कुरंग

वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले तर नुकसानभरपाई देण्याबाबतच्या शासन निर्णयात ‘हरीण (सारंग व कुरंग)’ असे शब्द आहेत. बहुतेक जण ते वाचून पुढे जातात. प्रत्यक्षात सगळा फरक त्या दोन शब्दांत आहे.

सारंग म्हणजे चितळ, सांबर, भेकर. त्यांचे शिंग भरीव हाडाचे असते, त्याला सहसा फाटे फुटतात आणि ते फक्त नराला येते. दर वर्षी ते मुळापासून गळते व नवे उगवते. नवे शिंग वाढत असताना त्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते आणि आत रक्त खेळत असते. वाढ पूर्ण झाली की ही कातडी सुकते, नर ती झाडाला घासून काढतो आणि खाली टणक हाड उरते. प्राण्याच्या शरीरात इतक्या वेगाने वाढणारे हाड क्वचितच आढळते. सांबराची शिंगे बहुतेक उन्हाळ्यात गळतात. चितळाचे तसे नाही. एकाच कळपात एका नराची शिंगे पक्की, दुसऱ्याची मखमली आणि तिसऱ्याची नुकतीच गळलेली, असेही दिसते.

कुरंग म्हणजे काळवीट, चिंकारा, चौसिंगा. रोही ऊर्फ नीलगायही याच बाजूची. गाय, म्हैस, शेळी आणि हे प्राणी एकाच कुळातले. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको की बैलाचे शिंग दर वर्षी गळून नवे येत नाही. काळविटाचेही तेच. आत हाडाचा गाभा, वर नखाच्या द्रव्याची पोकळ खोळ, आणि ती जन्मभर तशीच.

म्हणून सांबराचे गळलेले शिंग सापडले, तर सांबर जिवंत असू शकते. काळविटाचे पिळाचे अख्खे शिंग सापडले, तर बहुतेक वेळा जवळपास काळवीट मेलेले असते. कुत्र्यांनी मारले, विहिरीत पडले, वाहनाने उडवले की शिकार झाली, हा पुढचा प्रश्न. तो प्रश्न ज्याच्या हातात शिंग आहे त्याला आधी विचारला जातो.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘ट्रॉफी’ची व्याख्या आहे. भिंतीवर टांगलेले वाघाचे मुंडके एवढाच तिचा अर्थ नाही. कातडे, हाड, दात, नख, केस यांच्याबरोबर भरीव आणि पोकळ अशी दोन्ही प्रकारची शिंगे तिच्यात येतात.

काळवीट या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे. या अनुसूचीतील प्राण्याची ट्रॉफी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. मेलेला आढळलेला वन्यप्राणी ही कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता असते. अशी मालमत्ता हाती आली, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते.

गळलेल्या शिंगाचा रस्ता थोडा वेगळा आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलात सापडणारी किंवा जंगलातून आणलेली शिंगे आणि हाडे लाकडाप्रमाणेच ‘वनोपज’ ठरतात. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलून नेण्यास वन्यजीव कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे. यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांत पसरलेले पैनगंगा अभयारण्य त्यातच येते. विक्रीचा तर प्रश्नच नाही. पाचशे रुपयांना शिंग विकत घेणाराही विकणाऱ्याइतकाच अडकतो.

सर्वांत महत्त्वाचे कलम ५७. एरवी आरोपीने गुन्हा केला हे सरकारला सिद्ध करावे लागते. इथे शिंग ताब्यात सापडले, की ते बेकायदा आहे असे आधी गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबेदारावर येते. ‘शेतात पडलेले होते, पोराने उचलले’ हे खरे असले तरी ते दाखवायचे कसे? वेळेत केलेला एक फोन आणि त्याची नोंद इथे कामी येते.

शिक्षाही किरकोळ नाही. अनुसूची १ मधील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यात किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. इतर बऱ्याच उल्लंघनांत ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे २०२२ च्या दुरुस्तीने वाढले असून ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

मग मोरपीस कसे चालते?

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. मोर राष्ट्रीय पक्षी, तोही अनुसूची १ मध्ये, पण गोकुळाष्टमीला बाजारात मोरपिसे उघड मिळतात. कारण मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यातच नाव घेऊन सूट दिली आहे. हरणाच्या शिंगाला तशी सूट नाही. दोन्ही आपोआप गळतात म्हणून दोन्हींना एकच नियम, असे समजू नये.

आजीच्या बटव्यातले सांबरशिंग

मराठवाड्यातल्या कित्येक घरांत सांबरशिंगाचा तुकडा असायचा. लेकराच्या छातीत कफ भरला, की सहाणेवर उगाळून लेप लावायचा. आयुर्वेदातले शृंगभस्मही हरणाच्या शिंगापासूनच होते. त्यामुळे ‘आमच्याकडे पणजोबापासून आहे’ हे वाक्य खोटे नसते, पण कायदेशीर उत्तर म्हणून ते पुरत नाही. जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी केंद्राने २००३ मध्ये नियम करून १८० दिवसांची मुदत दिली होती. ती केव्हाच संपली. तेव्हा नोंद करून मालकीचे प्रमाणपत्र घेतलेल्यांना आता ती वस्तू नको असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जमा करता येते. प्रमाणपत्र नसलेल्यांनी वस्तू विकण्याचा, भेट देण्याचा किंवा तिचा फोटो मिरवण्याचा विचारही करू नये आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतःहून विचारणा करावी.

किनवट-माहूर भागातील गोंड, कोलाम, आंध समाजांचा यासंबंधीचा प्रश्न वेगळा आहे. वनहक्क कायदा, २००६ ने त्यांचे जंगलावरचे हक्क मान्य केले. पण त्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदू, मध, लाख अशा वस्तू आहेत, शिंग नाही. उलट शिकारीचा आणि वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढण्याचा पारंपरिक हक्क त्या कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळला आहे. ज्यांचे रोजचे येणे-जाणे जंगलातून आहे, त्यांच्याच नजरेला शिंग सर्वाधिक पडते आणि त्यांनाच हे सांगायला फारसे कुणी जात नाही.

उचललेच नाही तर ते वाया जाते का?

नाही. शिंगात कॅल्शियम आणि फॉस्फरस असते. साळिंदर व उंदीर ते कुरतडतात, हरणेही चघळतात. रानात पडलेले शिंग काही काळाने दिसेनासे होते, त्यातले बरेचसे असे कुणाच्या तरी पोटात गेलेले असते.

अमेरिकेत मग परवानगी कशी?

तिकडे पांढऱ्या शेपटीचे हरीण प्रचंड संख्येने आहे आणि परवाना घेऊन त्याची शिकार कायदेशीर आहे. वीस-चाळीस एकरांचा मालकही जमिनीवर हरणांसाठी क्लोव्हर पेरतो, झाडोरा राखतो, पाणी साठवतो. शरद ऋतूत शिकारीला हरीण आपल्या जमिनीवर यावे, हा हेतू. हिवाळ्याच्या अखेरीस गळलेली शिंगे शोधली, की कोणता नर वाचला आणि तो केवढा झाला याचा अंदाज येतो. तिथेही सगळे मोकळे नाही. वायोमिंग, कोलोरॅडो अशा पश्चिमेकडील राज्यांत सरकारी जमिनीवर ठरावीक भागांत एप्रिलअखेरपर्यंत शिंगे गोळा करायला बंदी असते, कारण हिवाळ्याने खंगलेल्या हरणांना माणसांमागे-कुत्र्यांमागे पळायला लावले तर ती दगावतात.

आपल्याकडे गणित उलटे आहे. हरीण आपल्या शेतात यावे म्हणून इथे कुणी काही पेरत नाही. ते न बोलावताच येते.

जंगल नसलेल्या लातुरात हरणे कशी?

राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत लातूरचा क्रमांक लागतो. तरीही शिवारात काळविटांचे कळप दिसतात. याचे उत्तर साधे आहे. काळविटाला झाडी नको असते, त्याला मोकळे माळरान लागते. दूरवर नजर पोहोचली पाहिजे आणि धोका दिसताच सुसाट पळता आले पाहिजे. गायराने आणि पडीक माळ नांगराखाली आले, तसे गवताच्या जागी सोयाबीनचे कोंब आणि हरभऱ्याचे शेंडे आले. काळवीट जागेवरच राहिले, ताटातले बदलले. नांदेडमध्ये लोहा, कंधार, मुखेड, देगलूरच्या बाजूला हीच तक्रार आहे.

खरिपात उगवण होताच रात्रीत तास साफ होते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. रोही आणि रानडुकराबाबत ठरावीक अटींवर मारण्याची परवानगी मागता येते. काळविटाबाबत तो मार्ग नाही. राहते ती भरपाई. त्यासाठी नुकसान झाल्यापासून ३ दिवसांत वन विभागाकडे तक्रार द्यावी लागते. मग पंचनामा होतो. सातबारा, बँक पासबुक आणि शेताचे फोटो तयार ठेवावेत. फोटोत खाल्लेली रोपे आणि खुरांचे ठसे दोन्ही येऊ द्यावेत. थोड्या रकमेसाठी हेलपाटे नकोत म्हणून अनेक जण अर्जच करीत नाहीत. त्यांचा वैताग समजण्यासारखा आहे, पण अर्ज नाही म्हणजे सरकारदरबारी त्या गावात नुकसानही नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे खरीप २०२६ पासून पीकविम्यातही वन्यप्राण्यांच्या नुकसानीची जोड मिळणार आहे. प्राणी आणि जिल्हे राज्याने ठरवायचे आहेत आणि नुकसान ७२ तासांत ॲपवर फोटोसह कळवायचे आहे.

पाच एकरांत काय करता येते?

एकट्या शेतकऱ्याने कुंपण घातले, की कळप शेजाऱ्याकडे जातो. म्हणून पाच-दहा जणांनी मिळून केलेलेच टिकते. कडेने काटेरी करडईचे पट्टे पेरणे ही जुनी रीत आहे. रब्बीत ती अजूनही उपयोगी पडते आणि पीकही हाती देते. सौर कुंपणाचा झटका बसतो, जीव जात नाही. जंगलालगतच्या गावांना त्यासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळू शकते. थेट खांबावरून तारेत वीज सोडणे मात्र गुन्हा आहे आणि त्यात हरणाआधी पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस जातो.

कठडा नसलेली विहीर सर्वांत आधी बंदिस्त करावी. कुत्रे मागे लागलेले काळवीट रात्री तिच्यात पडते, मग पाणी खराब होते, पंचनामा होतो आणि मालकाचीही चौकशी होते. गावाचे गायरान शिल्लक असेल, तर त्यातला तुकडा चराईबंद करून गवत वाढू द्यावे आणि उन्हाळ्यात तिथे पाणवठा भरावा. त्यामुळे कळप पिकात येणारच नाही असे कुणी सांगू शकत नाही, पण एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी वस्तीकडे येण्याची त्याची गरज कमी होते.

शिंग दिसले तर

हात न लावता जागेवरच फोटो काढावा आणि मोबाइलमधले ठिकाण नोंदवावे. शेजारी कवटी, कातडे, रक्त किंवा तारेचा फास आहे का, हे दुरूनच पाहावे. वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. वनरक्षकाचा नंबर असेल तर त्यालाही कळवावे. फोन केल्याची वेळ आणि पलीकडे बोललेल्या कर्मचाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. शिंग आधीच घरी आणले असेल, तरी तेच करावे आणि ४८ तास उलटू देऊ नयेत. स्टेटसला टाकलेला फोटो नंतर काढून टाकला, तरी तोवर तो कुणी पाहिला आणि जपून ठेवला हे सांगता येत नाही.